एकटीने पाहिलेला समुद्र

१९९४ साली आम्ही सगळे पुरीला गेलो होतो. सासूबाई, दोन नणंदा, त्यांची तीन मुले, माझे यजमान, आमचा चार वर्षांचा मुलगा आणि मी, अशी नऊ माणसे. परत आल्यावर शेजारणींनी विचारले, "समुद्र कसा असतो हो?" मी म्हणाले, "मोठा असतो." याहून अधिक मला काही सांगता येईना. सगळी मंडळी पाण्यात गेली तेव्हा मी वाळूवर चादर पसरून आठ जोडी चपला, तीन पिशव्या आणि सासूबाईंचा चष्मा सांभाळत बसले होते. मंडळी बाहेर आली, मुलांची अंगे पुसून झाली, फरसाण वाटून झाले. आता कुणीतरी "तू जाऊन ये" म्हणेल असे वाटत होते, एवढ्यात यजमान म्हणाले, "चला, उशीर होतोय." आम्ही निघालो.

यात कुणाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. मी मागितले असते तर कुणी नाही म्हटले नसते. पण प्रत्येक सहलीत पिशव्यांपाशी बसणारी एक बाई असते आणि ती कोण, हे न बोलताच ठरलेले असते. वाचक भगिनींपैकी अनेकींना ती बाई ओळखीची वाटेल.

कामाशिवाय बाहेर

आम्ही राहतो अहिवाऱ्याला, छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यात. भिलाईहून फार दूर नाही. शेजारीच भिलाई इस्पात कारखान्याच्या मालकीची नंदिनीची चुनखडीची खाण आहे. माझे यजमान तिथूनच निवृत्त झाले. आमच्या ओळीत छत्तीसगढी, उडिया, तेलुगू आणि आमच्यासारखी विदर्भातून आलेली मराठी घरे आहेत. समुद्र मात्र कोणत्याही बाजूला निघालात तरी शेकडो किलोमीटर दूर.

गेल्या फेब्रुवारीत मी दुर्गहून मुंबई मेलने मुलाकडे ठाण्याला गेले. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे. "आई, रविवारी आपण सगळे अलिबागला जाऊ," असे ठरले. पहिल्या रविवारी मुलाला कचेरीचे काम निघाले. दुसऱ्या रविवारी नातीला ताप आला. बुधवारी रात्री भांडी आवरताना माझ्या मनात आले, की आता तिसऱ्या रविवारची वाट पाहिली तर माझे परतीचे तिकीट येईल. मी म्हणाले, "मी शनिवारी एकटीच जाऊन येते."

मुलगा म्हणाला, "एकटी कशी जाशील?" सून म्हणाली, "जाऊ दे ना, मी सगळं लिहून देते." अहिवाऱ्याच्या शेजारणीने फोनवर विचारले, "अकेल्ला जाहू का दीदी?" आणि यजमानांनी विचारले, "एकटीच? कशाला?"

या सगळ्यांत "कशाला?" हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. मी एकटीने दवाखान्यात गेले आहे, बँकेत गेले आहे, बहिणीच्या बाळंतपणाला नागपूरला गेले आहे. तेव्हा कुणी कशाला म्हणून विचारले नव्हते. बाई कामासाठी एकटी निघाली तर चालते. नुसते पाहण्यासाठी निघाली, की तिला कारण द्यावे लागते. माझ्यापाशी कारण नव्हते. मी म्हणाले, "समुद्र पाहायला." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं. छत्री ने, ऊन असेल."

तिथीचे गणित

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला चहूबाजूंनी पाणी असते. म्हणून तिथे जाणाऱ्याने आधी पाण्याची वेळ पाहायला हवी. ती कशी पाहायची हे मला मुलाच्या शेजारच्या आजींनी शिकवले. त्यांचे माहेर मुरुडचे.

आजी म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करायची. जे येईल ती भरतीची वेळ." शनिवारी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी, दीड-पावणेदोनला, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला हा आडाखा बऱ्यापैकी लागू पडतो.

यामागचे कारणही सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला तिला सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. त्याला भांग म्हणतात. इतकी वर्षे मी कालनिर्णयात एकादशी आणि चतुर्थी पाहत आले. त्याच पानावर समुद्राचे वेळापत्रकही असते, हे मला ठाऊक नव्हते.

शनिवारी सकाळी सहाची लोकल धरून मी मुंबईला उतरले आणि गेटवेवर मांडव्याच्या बोटीत बसले. एक तासाचा प्रवास. मांडव्याहून अलिबागची बस बोटीच्याच तिकिटात होती. बोट सुटली तशी पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची रांग मागे लागली. हे कुरव पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. लोक त्यांना वेफर्स फेकत होते. शेजारच्या बाकावरील बाईंनी विचारले, "मागून कोणी येतंय का?" मी म्हणाले, "नाही, एवढीच आहे." त्यांनी थोडे सरकून मला कडेची जागा दिली. हातात कुणाची पिशवी नव्हती, मांडीवर कुणाचे मूल नव्हते. पहिली दहा मिनिटे हातांचे काय करावे तेच कळेना.

चुन्याविना तट

अलिबागला दहाच्या सुमारास उतरले. भरतीचे पाणी अजून किल्ल्याभोवती होते, म्हणून आधी गावात फिरले. कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहिली. मराठ्यांच्या आरमाराचे हे सरखेल १७२९ मध्ये अलिबागलाच वारले. इंग्रज, पोर्तुगीज यांच्या जहाजांना ज्यांच्या परवान्याखेरीज या किनाऱ्याने जाणे अवघड होते, त्यांची समाधी बाजाराच्या इतक्या जवळ, की बाहेर भाजीवाल्या बसलेल्या. त्यांच्यापाशी अलिबागच्या नव्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एक वेणी परतताना घ्यायची असे ठरवून पुढे गेले.

किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. आत जाता आले नाही, पण तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा विजेच्या प्रवाहाने ही नाजूक मोजणी बिघडेल हे लक्षात आले. नानाभाई मूस हे तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये इथे वेध घेणे सुरू झाले. उपकरणांच्या इमारती बांधताना चुंबकाला ओढ लावील असे साहित्य वापरायचे नाही, म्हणजे लोखंड टाळायचे, हा नियम पाळला गेला. मी लोखंडाच्या गावची बाई. आमच्याकडे रेल्वेचे रूळ होतात. लोखंडाला मुद्दाम दूर ठेवून बांधलेले घर मी प्रथमच पाहिले.

बाराच्या सुमारास किनाऱ्यावर गेले. लोक जाऊ लागले होते. काहीजण घोडागाडीतून पाण्यातून जात होते. शहाळी विकणाऱ्या एका कोळीणबाईला विचारले, "किती वेळ आहे?" तिने माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिले. "एकलीच आलीस, बाय? आज भांग हाय. पानी पुरतं सुकनार नाय, मधे गुडघ्याएवढं ऱ्हाईल. पन अडीचला निघ. माझं ऐक, अडीच."

साडेबाराला मी साडी वर खोचली, चपला पिशवीत टाकल्या आणि पाण्यात पाय ठेवला. त्या क्षणाचे वर्णन करता येईल असे वाटले होते, पण पहिला विचार आला तो असा, की आज एकच जोडी चपला आहे आणि ती माझी आहे.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले असे सांगतात. पुढे तो आंग्र्यांचे मुख्य ठाणे झाला. तटाजवळ गेल्यावर एक गोष्ट पाहून मी थबकले. मोठमोठे चिरे एकमेकांवर नुसते ठेवलेले आहेत. सांध्यात चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींमध्ये शिरते, तिचा जोर तिथेच विभागला जातो आणि भिंत टिकते. तीनशेहून अधिक वर्षे ती टिकली आहे. आमचे सगळे आयुष्य चुनखडीवर गेले. कच्च्या लोखंडातील माती-दगड वेगळा काढायला झोतभट्टीत चुनखडी लागते, म्हणून नंदिनीची खाण आहे. आणि इथे चुना न घालण्यातच शहाणपण होते.

यजमान मागे एकदा म्हणाले होते, की आपल्या खाणीतला दगड म्हणजे जुना समुद्र आहे. मी तेव्हा हसले होते. पण ते खरे आहे. शंभर कोटी वर्षांहूनही पूर्वी आमच्या छत्तीसगढच्या मैदानावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी थरावर थर साचून ही चुनखडी झाली. त्या काळी शंख-शिंपल्यांचे प्राणी जन्मालाही आले नव्हते, म्हणून आमच्या दगडात शिंपले सापडत नाहीत. सूक्ष्म जीवांच्या थरांच्या वेटोळ्या खुणा मात्र या प्रदेशातील चुनखडीत आढळतात. म्हणजे मी लग्न होऊन आले तीच मुळी एका समुद्राच्या तळाशी.

आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले. गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असे पंचायतन आहे. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्यांवर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव आहे. ते लोखंडही कुठल्यातरी भट्टीत चुनखडी घालूनच वितळले असणार, असे माझ्या मनात आले आणि यजमानांना हे सांगायला हवे असेही वाटले. एकटीने फिरताना घरच्यांची आठवण कमी येते असे नाही. फक्त ती सवडीने येते.

परत फिरण्याची वेळ

तोफांपाशी उभी असताना घड्याळ पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे. तिथून पुढे उत्तरेला सर्जेकोट हा छोटा कोट दिसत होता. मधल्या दगडी वाटेवरून काही तरुण मुले-मुली तिकडे निघाली होती. मलाही जावेसे वाटले. पंधरा मिनिटे जायला, पंधरा यायला. पाणी तर अजून लांब दिसत होते.

इथे मी पाच मिनिटे उभी राहिले. आजवर कुठल्याही ठिकाणाहून कधी निघायचे हे मी ठरवले नव्हते. आधी वडील म्हणत, "चला." मग यजमान म्हणू लागले. अलीकडे मुलगा म्हणतो. मी मनात कुरकुरत असे, की अजून थोडे थांबलो असतो तर काय बिघडले असते. आता थांबवणारे कुणी नव्हते आणि निघा म्हणणारेही कुणी नव्हते. तेव्हा प्रथमच कळले, की "चला" म्हणणाऱ्याच्या डोक्यावरही ओझे असते. गाडीची वेळ, पाण्याची वेळ, अंधार, मुलांची भूक, हे सगळे त्याला मोजावे लागते. पिशव्यांपाशी बसणारीला ते मोजावे लागत नाही.

मी परत फिरले. त्या मुलांपैकी एकजण म्हणाला, "आजी, एवढ्यात कुठं? खूप वेळ आहे." मी म्हणाले, "तुम्ही या सावकाश."

वाट अर्धी झाली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होते. जाताना होते त्याहून फारसे जास्त नाही, पण आता ते किनाऱ्याकडे सरकत होते. पायाखालची वाळू निसटते तेव्हा तोल सांभाळायला हात पुढे जातो आणि धरायला कुणी नसते. एकदा पाय खडकावरून घसरला. मी थांबले. छाती धडधडत होती. पुढे एक घोडागाडी जात होती, तिला हाक मारावी असे वाटले. मग छत्री मिटून काठीसारखी टेकली आणि पाऊल न उचलता घासत घासत चालले. यजमानांनी उन्हासाठी दिलेली छत्री पाण्यात उपयोगी पडली.

किनाऱ्याला लागले तेव्हा तीनला दहा कमी होते. कोळीणबाई म्हणाली, "आलीस का?" एवढेच. शहाळ्याचे पैसे मात्र तिने घेतले. फुकट देते म्हणाली असती तर मला आवडले नसते.

ती मुलेही नंतर आली. पाणी चढल्यावर घोडागाडी करून, हसत-खिदळत, कमरेपर्यंत भिजून. त्यांना काही झाले नाही. माझा अंदाज बरोबर आणि त्यांचा चूक, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. कदाचित मलाही सर्जेकोट पाहून येता आले असते. पण तो न पाहण्याचा निर्णय माझा होता, म्हणून त्याची हुरहुर लागली नाही. पुरीला न भिजल्याची हुरहुर मात्र तीस वर्षे पुरली.

एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण आणि सोलकढी जेवले. तिथेही विचारले गेले, "एकट्याच का?" या वेळी मी म्हणाले, "हो, एकटीच. कोपऱ्यातली नको, खिडकीपाशी जागा द्या."

निघण्यापूर्वी एवढे पाहा

तुम्हीही असे एक दिवसाचे जाणे ठरवत असाल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

कुलाबा किल्ल्याला जाण्यापूर्वी तिथीचे गणित घरीच करून ठेवा, पण तो अंदाज आहे. अंतिम शब्द किनाऱ्यावरच्या माणसाचा. दुपारी ओहोटी हवी असेल तर दोन्ही पक्षांतील अष्टमी ते दशमी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी मोठी असते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी. पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत निघालेले बरे.

गेटवे-मांडवा छोट्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसह नेणारी मोठी बोट मार्च २०२० पासून सुरू झाली आहे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. ती चुकली तर अलिबागहून पनवेलकडे एसटी आहे. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट लागते.

थोडे पैसे पर्समध्ये, थोडे वेगळे ठेवा. खडकांवर शेवाळ असते, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला घाला. माझ्यासारख्या साध्या नकोत. संकटात ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक लक्षात असू द्या. कुठे पोहोचलात ते घरी एका माणसाला कळवा. सगळ्यांना कळवू नका. मी पहिल्या तासात पाच जणांना कळवले आणि मग तासभर पाच जणांना उत्तरे देत बसले.

आणि परतीची वेळ आधी ठरवून ती पाळा. एकटीने जाण्याचा खरा सराव तोच आहे.

अहिवाऱ्याला परतल्यावर कांद्याची वेणी स्वयंपाकघरात टांगली. यजमानांना तोफांचे आणि चुन्याविना उभ्या असलेल्या तटाचे सांगितले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, "सांध्यात काहीच नाही?" मग म्हणाले, "पुरीला जाऊन किती वर्षं झाली गं? पुन्हा जायचं का?"

मी म्हणाले, "जाऊ. पण या वेळी आधी मी पाण्यात जाणार."

थंडीत जायचे ठरले आहे. पिशव्या ते सांभाळणार आहेत.